कंट्रोलरसाहेबांचा एक शब्द

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी पनवेल स्टँडवरच्या कंट्रोलरसाहेबांचं नाव घेतो. आईच्याही आधी घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, "मी जन्म दिला, त्यात काय! जन्म मांजर पण देते."

'कंट्रोलर' हे नाव नव्हे, पद आहे. एस.टी.च्या गाड्या फलाटावर लावून घेणारा, वेळेवर सोडणारा आणि माइकवरून पुकारणारा तो वाहतूक नियंत्रक. साहेब निवृत्त झाले तरी पनवेलात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नव्हतं. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. छापील मजकुरात स्वतःचं नाव दिसलं तर ते आधी त्या ओळीतलं शुद्धलेखन तपासतील आणि मग रागावतील.

आम्ही कातकरी. कर्नाळ्याच्या डोंगराखाली आमची वाडी आहे. वडील वर्षातले सहा-सात महिने वीटभट्टीवर असत. आई डोक्यावर लाकडाची मोळी नाहीतर रानभाजीची टोपली घेऊन पनवेलला येई. बाजारात तिला 'ए कातकरणी' म्हणत आणि मला 'ए कातकऱ्या'. त्यात शिवी आहे हे आम्हाला कळत नव्हतं. आमचं नावच ते, अशी आमची समजूत होती.

आठवीत मी पनवेलच्या शाळेत आलो आणि एस.टी.च्या पासचा अर्ज घेऊन कंट्रोलरच्या केबिनच्या खिडकीशी उभा राहिलो. आतून आवाज आला, "अहो, तुमचा अर्ज अपुरा आहे."

मी मागे वळून पाहिलं. मागे पान खाऊन थुंकलेला एक खांब होता, बाकी कुणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतोय. वडिलांची सही कुठे आहे?"

"ते भट्टीवर हायेत."

"मग आईचा अंगठा आणा. आणि अर्जात 'विद्यार्थी' या शब्दाला दोन 'द' लागत नाहीत, 'द'ला 'य' जोडायचा असतो. घरी जाऊन बघा कसं दिसतं ते."

मी घरी जाऊन तो शब्द शंभर वेळा लिहिला असेन. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात 'अहो'च घोळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी 'अहो' म्हटलं होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डोळ्यानं कमी दिसत आसंल बिचाऱ्याला."

डोळ्यांनी त्यांना उत्तम दिसत होतं. ते सगळ्यांनाच अहो म्हणत. फलाटावर आडव्या झोपलेल्या कुत्र्यालासुद्धा "अहो, गाडी येते आहे, जरा सरका" असं सांगत, आणि कुत्रं सरकायचं. स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे हमीदभाई कुवेतला वीस वर्षं राहून आलेले. ते म्हणायचे, "कंट्रोलरसाब कुत्र्याला अहो म्हणतात आणि आमदारालापण अहो म्हणतात. कुत्र्याला काही प्रॉब्लेम नाही. आमदाराला राग येतो, की आपल्यात आणि त्याच्यात फर्क काय राहिला!"

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पनवेलात पुष्कळ आहेत. शर्टाच्या खिशात शिट्टी निवृत्तीनंतरही कायम होती. एकदा शेजारच्या लग्नाची वरात कोपऱ्यावर अडकली. बँडवाले, घोडा आणि नाचणारी मंडळी यांचा असा गुंता झाला की मुहूर्त टळायची वेळ आली. साहेबांनी ओट्यावरून शिट्टी मारली. "बँड पुढे. घोडा मध्ये. प्रवासी मागे." सगळे निमूटपणे रांगेला लागले. वरातीला प्रवासी म्हणायची काय गरज होती, असं मी नंतर विचारलं. "कुठूनतरी कुठेतरी निघालेला प्रत्येक माणूस प्रवासीच असतो," असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं.

माइकवरून ते एकही शब्द वावगा बोलत नसत. गाडी 'लेट' नसे, 'विलंबाने' असे. गाडी 'फेल' होत नसे, 'नादुरुस्त' होत असे. पण फेरी रद्द झाली तर मात्र माइक बंद करून ते केबिनमधून खाली उतरत आणि थांबलेल्या माणसांपुढे जाऊन उभे राहत. "आपली गाडी येणार नाही. मी दिलगीर आहे." लोक वाटेल ते बोलत. ते हात मागे बांधून ऐकून घेत. मला म्हणत, "वाईट बातमी यंत्रातून सांगायची नसते. तोंडासमोर जाऊन सांगायची असते."

आणि या माणसाला गाडी लागत असे! हजारो गाड्या सोडल्या, पण स्वतः गाडीत बसले की पहिल्याच वळणावर पोटात ढवळायला लागे. मुलीच्या लग्नासाठी करंज्याला जायचं होतं, तर उरणपर्यंतच्या वाटेत तीनदा गाडी थांबवावी लागली. एरवी ते चालत जात. सुकापूर, कळंबोली, कुठेही चालत.

शाळा सुटल्यावर वाडीच्या गाडीला दीड तास असे. त्या दीड तासात त्यांनी मला घडवलं. गाड्यांच्या वेळांचा काळा फळा माझ्याकडे दिला. एकदा मी 'करंजा'च्या जागी 'करंझा' लिहिलं, तर त्यांनी संपूर्ण फळा पुसायला लावला.

"एकच चुकलंय, साहेब."

"करंज्याच्या माणसाने तेवढंच वाचायचं असतं. त्याच्यापुरता सगळा फळा खोटा."

मग बंद माइकसमोर उभं करून रोज पेपरातला एक रकाना मोठ्याने वाचून घेत. श्वास कुठे घ्यायचा, नाव कसं स्वच्छ उच्चारायचं, हे सगळं मी त्या बंद माइकवर शिकलो. माझ्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'नाय' मात्र त्यांनी कधीच सुधारलं नाही. मीच एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "ते तुमचं घर आहे. दुसऱ्याच्या घरात मी फळा घेऊन शिरत नाही."

त्यांच्या सांगण्यावरूनच मी मराठी घेऊन बी.ए. केलं. वडिलांना ते शेवटपर्यंत समजलं नाही. "मराठी शिकाया कालेजात? मंग आपण बोलतो ती काय हाय?" पण पदवीच्या दिवशी त्यांनी ते कागदाचं भेंडोळं वाडीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवलं. आमच्या वाडीत तोवर कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

साहेबांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं: शब्द म्हणजे फलाट. चुकीच्या फलाटावर उभं राहिलं की आपली गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. ते वाक्य माझ्या आणि त्यांच्याही आयुष्यात इतकं खरं होईल, असं वाटलं नव्हतं.

पनवेलच्या आसपास वस्ती वाढली, तशी शहर बससेवेच्या काही मार्गांवर एका खाजगी कंपनीला ठेका मिळाला. नव्या गाड्या आल्या. कंडक्टर हवे होते, आणि प्रत्येक थांब्याचं नाव स्वच्छ आवाजात पुकारता आलं पाहिजे अशी अट होती. मला ती जाहिरात माझ्यासाठीच काढल्यासारखी वाटली. आमच्या आणि शेजारच्या वाडीतून आम्ही सात जणांनी अर्ज केले. त्यात दोन मुली होत्या. सातही जणांकडे आर.टी.ओ.चा कंडक्टरचा बिल्ला होता. तो काढण्यासाठी आम्ही किती खेपा घातल्या ते सांगत बसत नाही.

मुलाखती झाल्या आणि पंधरा दिवसांनी अर्जाची प्रत परत मिळाली. खाली दोन चौकोन होते. एकावर 'दर्शनी', दुसऱ्यावर 'अंतर्गत'. सातही जणांच्या 'अंतर्गत'वर खूण होती. अंतर्गत म्हणजे गाड्या धुणं, पुसणं, सीटखालची घाण काढणं. माझ्यासोबत मुलाखतीला आलेल्या एका गोऱ्यागोमट्या मुलाचा बिल्ला अजून निघायचा होता. तो दर्शनी ठरला होता.

मी मॅनेजरकडे गेलो. माणूस ओरडला नाही, उलट खुर्ची दिली.

"हे बघ, तू शिकलेला आहेस म्हणून तुला सांगतो. पॅसेंजरला समोर फ्रेश चेहरा लागतो. एसी गाडी आहे. आणि काम नाकारलंय का आम्ही? तुमची माणसं आहेतच ना वॉशिंगला. खूश आहेत."

वॉशिंगला आमची माणसं होती हे खरं. माझी सोनीमावशी आणि वाडीतल्या अकरा बाया पहाटे डेपोत जाऊन गाड्या धुवायच्या आणि पहिली गाडी सुटायच्या आत मागच्या फाटकातून बाहेर पडायच्या. त्यांनी धुतलेल्या गाडीत पनवेलचे लोक दिवसभर बसत होते. पण त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी तो कागद घेऊन हमीदभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"दर्शनी? ये लफ्ज कुणी काढला रे? एवढी शुद्ध मराठी कंपनीवाल्याच्या बापाला येणार नाही."

मलाही तसंच वाटलं होतं. पण मी ते मनाशीसुद्धा बोललो नव्हतो.

तिथून मी साहेबांकडे गेलो. ते घरी होते. भिंतीवर खुंटीला कंपनीने दिलेली शाल होती. कंपनीचे इंग्रजी फॉर्म मराठीत आणून दिल्याबद्दल शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला होता. मीच त्या कार्यक्रमाचा फोटो काढला होता. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला आणि खालचे दोन्ही चौकोन पाहिले.

"शब्द बरोबर आहे," ते म्हणाले. "वापर चुकला आहे. मी 'दर्शनी कामे' असं लिहिलं होतं. काम दर्शनी असतं. प्रवाशांच्या समोर करायचं काम. यांनी 'कामे' गाळून विशेषण माणसाला लावलं."

"म्हणजे?"

"व्याकरणाची चूक आहे. मी उद्या जाऊन समजावून सांगतो."

ते खरोखर गेले. चालत गेले. बरोबर दोन पानांचं टिपण होतं, उदाहरणांसह. परत आले ते खुशीत. "मान्य केलं त्यांनी. दुरुस्ती होईल."

आणि दुरुस्ती झाली. आठवड्याने आम्हा सातही जणांना नवीन कागद आला. त्यावर शिक्का होता: 'दर्शनी कामास अयोग्य.'

मी तो त्यांच्यापुढे ठेवला. "साहेब, व्याकरण सुधारलं. आता आमचं काय ते सांगा."

त्यांनी शिक्का वाचला, कागद खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. मी चहा न घेता उठलो. नंतर बरेच दिवस त्या घराकडे फिरकलो नाही.

वाडीत त्या संध्याकाळी सगळे पिंपळाच्या पारावर जमले होते. कुणी म्हणे मोर्चा काढू, कुणी म्हणे पुढाऱ्याला भेटू. मी निवेदनाचा मसुदा वाचून दाखवत होतो. सोनीमावशीने मध्येच विचारलं, "त्या शिक्क्याचा अर्थ काय लिवलाय, सोप्यात सांग."

"लोकांनी बघण्यासारखे आपण नाही, असा."

"बघितलाय कवा त्यांनी?" ती म्हणाली. "आमी काळोखात जातो, काळोखात येतो. न बघताच कसा ठरवला?" मग पदर खोचून उठली. "तू लिव तुजा कागद. मी सोमवारपासून गाडी धुवाया नाय जायची, गाडीत बसाया जायची. तिकीट काढून. फुडच्या शिटवर."

आमचं आंदोलन म्हणजे एवढंच. आम्ही घोषणा दिल्या नाहीत, रस्ता अडवला नाही. सोमवारी सकाळी मावशी, त्या अकरा बाया आणि आम्ही सात जण अंघोळ करून, लग्नाकार्यातले कपडे घालून पनवेल ते रोडपालीच्या गाड्यांमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसलो. प्रत्येकाच्या छातीवर शिक्का मारलेल्या अर्जाची झेरॉक्स पिनेने लावलेली. हमीदभाईंनी त्या काढून दिल्या होत्या, शाई गडद ठेवून. बायांनी अर्ज केलेलेच नव्हते. त्यांनी आमच्याच अर्जांच्या प्रती लावल्या. गाडी रोडपालीला पोचली की उतरायचं, तिकीट काढायचं आणि परत बसायचं.

पहिल्या दिवशी एक गृहस्थ चढले आणि मावशीला म्हणाले, "ए बाई, मागे जाऊन बस. मागे रिकामी आहे."

"मागं रिकामी हाय ना? मंग तुमी बसा."

"वास येतो."

"येनारच. आज गाडी कुनी धुतलीच नाय."

मागून कुणीतरी हसलं. कंडक्टर होता जवळच्याच आगरी गावातला. तो मावशीच्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशे, मला वरून फोन येतोय, यांना उतरव म्हणून. मी काय करू?"

"तिकीट हाय का माज्याकडं?"

"हाय."

"मंग तुज्याच मशिनला इचार."

पण असे हसण्याजोगे प्रसंग थोडे. बहुतेक लोक छातीवरचा कागद वाचायचे, आणि वाचून झाला की खिडकीबाहेर बघायला लागायचे. शिकलेली, नोकरीला जाणारी माणसं. त्या नजरेचा मला शिवीपेक्षा जास्त त्रास झाला. एका बाईंनी मात्र विचारलं, "दर्शनी म्हणजे काय हो?" मी सांगितलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांच्या थांब्यावर न उतरता पुढच्या थांब्यावर उतरल्या. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाड्यांच्या काचा मातीने भरल्या. चौथ्या दिवशी, आमचं निवेदन पोचल्यावर, कामगार खात्याचे एक अधिकारी येऊन चौकशी करून गेले. कंपनीने लिहून दिलं की 'दर्शनी' हा केवळ छापील तांत्रिक शब्द आहे, त्यामागे कोणताही भेद नाही, कोणा समाजाला वगळण्याचा हेतू नाही. अधिकारी भले होते. पण ते म्हणाले, "तुमच्याकडे कागद काय आहे? हेतू मनात असतो. मला तो दाखवता आला पाहिजे."

आमच्याकडे कागद नव्हता. आणि आधीच आमच्यातल्या दोघांच्या घरचे वीटभट्टीचं बोलावणं आल्यामुळे घाई करत होते.

पाचव्या दिवशी पनवेलच्या थांब्यावर कंट्रोलरसाहेब गाडीत चढले. पांढरा शर्ट, हातात अर्धं कापलेलं लिंबू. सगळे प्रवासी चढेपर्यंत ते खाली थांबले होते, सवयीप्रमाणे. मावशी सरकली. "बसा, साहेब. तुमाला कुटं जायचाय?"

"तुम्ही जाल तिथे," ते म्हणाले आणि लिंबू नाकाला लावलं.

गाडी सुटली. त्यांनी शर्टाच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. मी मागच्याच सीटवर होतो. ते वळले नाहीत. माइकवर बोलत त्याच आवाजात, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. या लोकांच्या छातीवर जो शब्द आहे, तो मी दिलेला आहे. तो मागताना मला ही चिठ्ठी आली होती. तीत लिहिलं आहे: 'लोकांपुढे चालतील असे आणि न चालणारे, विशेषतः वाडीवरचे, असे दोन गट करायचे आहेत. वाईट दिसणार नाही असा चांगला मराठी शब्द सुचवा.'"

त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि लिंबू पुन्हा नाकाशी नेलं.

"न चालणारे कोण आणि का, हे मी विचारलं नाही. मला शब्द सापडल्याचा आनंद झाला होता. ही माझी चूक आहे. मी दिलगीर आहे."

कळंबोलीच्या पुलावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रोडपालीला उतरताच ते पदपथावर बसले आणि त्यांना उलटी झाली. मावशीने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि पाठीवर हात फिरवला.

"एवढी वर्सं गाड्या सोडल्या, आन् तुमाला गाडी लागते?"

"म्हणून तर सोडत होतो," ते धापा टाकत म्हणाले. "चढत नव्हतो."

मावशी हसली. मला हसू आलं नाही. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "तुम्हाला माहीत होतं. मी अर्ज घेऊन आलो तेव्हा ही चिठ्ठी तुमच्या घरात होती. आणि तुम्ही मला व्याकरण सांगत बसलात."

"हो."

एरवी त्यांची वाक्यं पूर्ण असत. त्या दिवशी एवढंच.

"तुमच्यापेक्षा तो मॅनेजर बरा. त्याने तोंडावर सांगितलं."

मावशी म्हणाली, "गप रं!" पण मी बोलून गेलो होतो. साहेबांनी मान हलवली, जणू मी फळ्यावर काहीतरी बरोबर लिहिलं होतं. मग चिठ्ठी मावशीच्या हातात दिली. "हा कागद तुमचा आहे. तो तुम्ही अधिकाऱ्यांना द्या. मी सोबत येतो आणि सही करतो."

तिला वाचता येत नाही. तिने तो दोन्ही हातांनी धरला, ओल्या हातांनी फाटू नये असा.

त्या चिठ्ठीनेच काम झालं. अक्षर मॅनेजरचं होतं, साहेबांचा लेखी जबाब जोडलेला होता. कंपनीने दोन्ही चौकोन काढून टाकले आणि नव्याने मुलाखती घेतल्या, अधिकारी समोर बसवून. आम्ही पाच जण कंडक्टर म्हणून लागलो. दोघांची वाट पाहायची ताकद संपली होती. ते तोवर भट्टीवर निघून गेले होते. आज त्यातला एक तरी परत आला असता तर बरं झालं असतं.

साहेबांना मात्र त्याची किंमत द्यावी लागली. वाचनालयाच्या भाषा-सप्ताहात दरवर्षी शुद्धलेखनावर त्यांचं व्याख्यान असे. त्या वर्षी पत्रिकेत नाव नव्हतं. सोसायटीतले जुने मित्र म्हणत, "स्वतःची चूक असली तरी चौकात कशाला सांगायची? आपल्या माणसांची नाचक्की केलीत." ती शाल त्यांनी कंपनीच्या दारात नेऊन दिली, घडी नीट करून. पुढे न्हाणीघरात पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि नाशिकहून मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. ते निघाले त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही.

गेल्या महिन्यात त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

ती. कंट्रोलरसाहेब यांस,
सा. नमस्कार.

आठ महिने पत्र लिहायचं म्हणतो आहे. दोन वेळा लिहून फाडलं, कारण दोन्ही वेळा मी फक्त आभार मानले होते आणि ते अर्धंच खरं होतं.

तुम्ही मला शिकवलं नसतं तर आज मी हे पत्र लिहू शकलो नसतो. आणि तुम्हाला माहीत असून तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं नाही. ही दोन्ही वाक्यं मी खूप दिवस एकत्र ठेवायला बघतो आहे. ती एकमेकांना खोडत नाहीत. म्हणून दोन्ही लिहिली.

रोडपालीला मी तुम्हाला जे बोललो, ते त्या क्षणी मला खरं वाटलं होतं. आज ते खरं वाटत नाही. मॅनेजरने मला तोंडावर सांगितलं, पण त्याला त्याची लाज नव्हती. पाच दिवसांत हजार शिकलेल्या माणसांनी आमच्या छातीवरचा कागद वाचला. स्वतःचा कागद घेऊन आलेले तुम्ही एकटेच. तुम्ही निघालात तेव्हा मी आलो नाही, ही मात्र माझी चूक आहे, आणि तिची माफी मागतो. जानेवारीत चार दिवस सुट्टी घेऊन नाशिकला येईन. चालेल का ते मुलीकडून कळवा.

आम्ही पाचही जण कामावर आहोत. दोन्ही मुली सुकापूरच्या मार्गावर आहेत आणि त्यांच्या तक्रारपुस्तकाचं पहिलं पान अजून कोरं आहे.

सोनीमावशी मात्र अजून गाड्याच धुते. तिला वाचता येत नाही, म्हणून तिला कंडक्टर होता आलं नाही. सगळं तिने सुरू केलं आणि तिच्या हाती काही आलं नाही, हे मला रोज बोचतं. तिला नाही बोचत. तिचं म्हणणं वेगळंच आहे. परवा अंधारात एकीच्या पायात काच घुसली. म्हणून बायांनी ठरवलं आहे की गाड्या धुवायची वेळ उजाडल्यावरची करून मागायची, आणि येण्याजाण्याला पुढचं फाटक मागायचं. काल पारावर बसून तिने अर्ज सांगितला आणि मी लिहिला. तिने जसा सांगितला तसाच लिहिला, तिच्याच बोलीत. एक शब्दही बदलू दिला नाही. मी म्हटलं, मावशी, कंपनीच्या लोकांना हे सगळं कळणार नाही.

ती म्हणाली, "नाय कळला तर इचारतील."

अर्ज आज दिला आहे.

आपला,
पनवेल–रोडपाली मार्गावरचा कंडक्टर